मेणाच्या साली

कोमट पाण्यावर मेणाची पट्टी सोडली की ती आधी अंग चोरते आणि मग हळूच पसरते. सुरकुत्या आपोआप निघून जातात, कडा सरळ होतात, आणि मेणाच्या मधोमध माणसाच्या मांसाचा एक फिकट डाग दिसायला लागतो. गुलाबी नाही, लाल नाही, नुसता धुकट. वीस वर्षं मी हे रोज बघते आहे आणि अजून माझं मन भरलेलं नाही. पाण्याकडे बघता बघता मी कुठल्या कुठे जाते. आमच्या गावचा पाथर्डीकडचा माळ दिसतो, दुपारचं ऊन दिसतं, लहानपणी मेलेली एक शेळीसुद्धा दिसते. मग मागून आमच्या मॅडम येतात आणि विचारतात, "आलीस का परत?" त्यांच्या ह्या प्रश्नाचा मला भयंकर राग येतो, कारण मी खरोखरच गेलेली असते.

नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे आमच्याकडे बरणीतून येतात. मॅडम डॉक्टर आहेत. त्या तुकड्यांच्या चकत्या करून देतात, मी त्या मेणात बसवून ब्लॉक बनवते, आणि मग मायक्रोटोम नावाच्या मशीनवर त्यांचे काप काढते. काप असे पातळ की त्यांच्यापुढे कांद्याचा पापुद्रा म्हणजे गोधडी. ते काप पाण्यावरून काचेवर उचलायचे, रंगवायचे आणि मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली नेऊन ठेवायचे. मशीनवर नवा ब्लॉक लावला की आधी वरचं रिकामं मेण जाड जाड सालींनी काढून टाकावं लागतं. ह्याला आम्ही ट्रिमिंग म्हणतो. चाक फिरवत राहायचं, साली खालच्या ट्रेमध्ये पडत राहतात, आणि तुकड्याचा चेहरा दिसला की थांबायचं. सगळी करामत ह्या थांबण्यात आहे. जास्त फिरवलं तर मेणाबरोबर माणूसही सालींत जातो.

गेल्या वर्षी मॅडमनी एक अभ्यास हाती घेतला होता. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर अगदी सुरुवातीला असताना तिथं जमलेल्या राखणदार पेशींवर कोणते रिसेप्टर उगवलेले असतात, ते बघायचं होतं. त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, मराठीत सांगा."

"अगं, कडी समज," त्या म्हणाल्या. "आपल्या अंगात फिरत्या पेशी असतात. परकं काही दिसलं की त्याला मारतात. त्यांच्या अंगावर एक कडी असते. ती कोणी ओढली की पेशी शांत बसते. सोय आपल्या भल्यासाठीच आहे, नाहीतर त्या घरच्यांवरच उठतील. पण कॅन्सर बेटा लबाड. तो ती कडी ओढायला शिकतो."

"म्हणजे राखणदार समोर उभा, चोर समोर उभा, आणि राखणदार ढिम्म?"

"अगदी," त्या म्हणाल्या.

आता एक असा रंग मिळतो, की कडी असलेल्या पेशीच तेवढ्या तपकिरी होतात आणि बाकी सगळं निळसर राहतं. पहिली स्लाइड चांगली रंगली त्या दिवशी मॅडमनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. मी डोळा लावला आणि हरवलेच. एवढंसं निळं रान, त्यात आजाराचं एक लहानसं बेट, आणि त्याच्या भोवती तपकिरी ठिपक्यांची गर्दी. कुणा अनोळखी बाईच्या पोटातली ही गर्दी. तिला स्वतःला तिचा पत्ता नाही आणि मी मात्र ती बघत बसले आहे. मला रडू आलं. कशाचं, ते मला सांगता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "ऊठ आता, चहा सांग."

पुढचे काही महिने माझ्या डोळ्यांपुढे तो तपकिरी रंगच असायचा. सुरुवातीचा कॅन्सर म्हणजे तुकडा लहान, आजार त्याहून लहान. जुने ब्लॉक कपाटातून काढताना मॅडम दर वेळी बजावायच्या, "ट्रिमिंग जपून हं. ह्यात फुकट घालवायला काही नाही." मी मान डोलवायची. मनात म्हणायची, वीस वर्षं काय मी गवत कापते आहे का?

आणि त्याच सुमाराला माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचं दुखणं निघालं.

मी शिकले म्हणून सुटले. भाऊ दहावीच्या पुढे गेला नाही. दिवाळी झाली की तो आणि भावजय टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या बाजूला पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोपीत राहतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पोरगी मोठी गोड, पण घुमी. हसली तरी पदर तोंडावर. तिला मधूनच अंगावरून जायला लागलं होतं, आणि सहा महिने तिनं कोणाला सांगितलंच नाही. शेवटी एका दवाखान्यात नेलं तर तिथं काही न तपासता सांगितलं, पिशवी काढून टाका आणि मोकळ्या व्हा.

आमच्याकडच्या टोळ्यांत हे काही नवीन नाही. पस्तिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाया हव्या तेवढ्या दाखवीन. पाळी आली की कामावर खाडा होतो, कंबर धरते, मग कोणीतरी सांगतं की काढून टाक, कटकट मिटेल. दात काढावा तशी पिशवी काढतात. मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. रविवारची गाडी धरून मी गावाला गेले आणि घर डोक्यावर घेतलं.

"तुला काय जातंय बोलाया?" आई म्हणाली. "चार वर्सं पिशवी हाय, काय उपेग झाला तिचा?"

मी आईला जे बोलले ते इथं लिहिणार नाही. भाऊ खाली मान घालून बसला होता. भावजय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात एकदाही थांबला नाही. तिच्या पोटाचं भांडण आम्ही तिघं भांडत होतो आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, हे मला खूप नंतर सुचलं.

संध्याकाळी ती मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. गाडीला वेळ होता. समोरच्या माळावर उतरतं ऊन पडलं होतं, आणि ज्वारीच्या धाटांवरून वारा जात होता. ती एकदम म्हणाली, "वन्सं, माझी पिशवी ऱ्हाईल का वो?"

"राहील," मी म्हटलं. "मी आहे ना."

हे असले शब्द तोंडातून निघून जातात आणि मग मानगुटीवर बसतात. करंजीचा घाट उतरेपर्यंत मला माझ्या शब्दांचा अभिमान वाटत होता. नगर आलं तशी भीती वाटायला लागली.

तिला नगरला आणलं. स्त्रीरोगाच्या डॉक्टरबाईंनी तपासून आधी एक चिमूटभर तुकडा घेतला. त्यात बदल दिसले, आणि एका कोपऱ्यात कॅन्सरचा संशय. मग त्यांनी पिशवीच्या तोंडाचा शंकूसारखा भाग काढायचं ठरवलं. भाऊ, भावजय आणि मी अशा तिघांना समोर बसवून त्यांनी सरळ सांगितलं. आजार वरवरचा असला, किंवा केसभर आत उतरून कापलेल्या कडेच्या अलीकडेच थांबला असला, तर पिशवी ठेवता येईल आणि पुढं मूलही होऊ शकेल. खोल गेला असेल तर मात्र पिशवी काढावी लागेल. भावजय ऐकत होती. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं.

मॅडमच्या अभ्यासासाठीही तिची संमती घेतली. उरलेला तुकडा अभ्यासाला वापरला तर चालेल का, असं मॅडमनी तिला स्वतः विचारलं. ती म्हणाली, "दुसऱ्या बाईला उपेग हुईल का?" मॅडम म्हणाल्या, पुढं कधीतरी होईल. तेव्हा तिनं ओठ दाताखाली दाबून सावकाश सही केली.

बरणी आमच्याकडे आली. आत करंगळीच्या पेराएवढा तुकडा, आणि बाराच्या काट्याची जागा कळावी म्हणून डॉक्टरबाईंनी त्याला घातलेला काळा दोऱ्याचा टाका. अशा तुकड्याची आम्ही घड्याळासारखी मांडणी करतो. बारा वाजता एक चकती, एक वाजता दुसरी, असे बारा भाग. कड ओळखू यावी म्हणून मॅडम तिला शाई लावतात, पुढच्या अर्ध्याला निळी आणि मागच्या अर्ध्याला काळी. बारा चकत्यांचे बारा ब्लॉक झाले.

आमच्या लॅबमध्ये एक रीत आहे. आपल्या माणसाचा तुकडा आपण कापायचा नाही. माझ्या जोडीला दुसरा टेक्निशियन आहे, सरळमार्गी माणूस, हातही चांगला. मॅडम म्हणाल्या, "हे बारा त्याच्याकडे दे." मी दिले नाहीत. त्याचा हात जड आहे असं काहीतरी सांगितलं. ते धडधडीत खोटं होतं. मला वाटत होतं, तिचं जे काही आहे ते माझ्या हातातून जावं. दुसऱ्या कोणाला त्यातलं काय कळणार? मॅडम नाखुशीनं 'बरं' म्हणाल्या. मी मशीन झाडून, नवं ब्लेड लावून, ट्रे धुऊन पुसून घेतला, देवघर पुसावं तसा. मग बसले.

बाराचा झाला, एकचा झाला. सहाच्या ब्लॉकपर्यंत सगळं छान चाललं होतं. खिडकीतून सकाळचं ऊन ट्रेवर येत होतं. सातचा ब्लॉक लावला आणि चाक फिरवायला लागले. मेणाच्या साली गोल वळत खाली पडत होत्या. मशीनला एक लय असते, खर्र, खर्र, अंगाई म्हटल्यासारखी. त्या लयीत मला ती दिसली.

तीन वर्षांची असेल. भावजयीची मुलगी, म्हणजे माझी भाची, जी अजून कुठंच नव्हती. अंगात पिवळा फ्रॉक, डोक्याला चपचपीत तेल, दोन आखूड वेण्या. ती माझ्या मांडीवर बसून एसटीच्या खिडकीतून घाट बघत होती, आणि मला वळणावळणावर विचारत होती, आत्या, हे काय, आत्या, ते काय. मग तिनं माझ्या दंडावर डोकं टाकलं आणि ती झोपली. तिचा घाम मला दंडावर कळत होता. मी तिचं नावही ठेवलं होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. इतकं सुख मला जागेपणी कधी झालेलं आठवत नाही.

भानावर आले तेव्हा हात चाक फिरवतच होता.

ट्रेमध्ये सालींचा ढीग झाला होता. नुसत्या मेणाच्या साली काचेसारख्या दिसतात. ह्या दुधट होत्या. ब्लॉककडे पाहिलं तर चकती निम्मी उतरली होती.  मी चटकन उरलेल्याचा काप काढला, पाण्यावर सोडला, काचेवर घेतला. मग आठचा ब्लॉक लावला. मी बारा स्लाइड पुऱ्या केल्या, रंगवल्या, आणि काही न बोलता मॅडमच्या टेबलावर ठेवून आले.

दुपारी एकच्या सुमाराला मॅडमनी हाक मारली. त्यांचा चेहरा खुलला होता. "आजार सगळा वरवरचा दिसतोय. खोल कुठंच नाही. कडाही मोकळ्या आहेत. जेवण झालं की रिपोर्ट टाइप करू. तुझ्या भावजयीची पिशवी वाचली बहुतेक."

मी "बरं" म्हटलं.

डबा घेऊन मी मागच्या लिंबाखाली जाऊन बसले. छावणीकडे लष्कराच्या गाड्या चालल्या होत्या, एकामागून एक. डबा उघडलाच नाही. भावाचा फोन आला, "काय झालं गं?" मी म्हटलं, "थोड्या वेळानं सांगते." माझं एक मन म्हणत होतं, गप्प बस. अकरा चकत्यांत खोल काही नाही, सातच्या उरलेल्या अर्ध्यातही नाही, गेलेल्या अर्ध्यात असं काय असणार? तिनं तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती तिला मिळते आहे. घरात शब्द टाकलास, तो खरा होतो आहे. कोणाला कळणार आहे? चार वाजता झाडूवाल्या मावशी येतील, ट्रे रिकामा करतील, विषय संपेल. दुसरं मन काहीच म्हणत नव्हतं. ते उभं होतं, बघत होतं आणि ढिम्म होतं. माझीच कडी कोणीतरी ओढून धरली होती. मला स्वतःची शिसारी आली.

पावणेदोनला उठले आणि मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. स्वप्नाचंही सांगितलं, येडीसारखं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वीस वर्षांत त्या मला कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही मोठ्यानं बोलल्या नाहीत. "कधी सांगणार होतीस?" त्यांनी विचारलं. "ती गेल्यावर?"

मी भिंतीला टेकून रडायला लागले.

"रडणं नंतर कर. ट्रे कुठाय?"

ट्रे तसाच होता. त्यात तिच्याशिवाय कोणाच्या साली नव्हत्या, हे मी शपथेवर सांगू शकत होते. तरी मॅडमनी तीनदा विचारलं. दुसऱ्या बाईचं दुखणं चुकून हिच्या माथी यायला नको म्हणून, आणि ते बरोबरच होतं. मग मी चिमटा घेतला, मऊ ब्रश घेतला, आणि साली निवडायला बसले. रिकाम्या एका बाजूला, दुधट दुसऱ्या बाजूला. जोडीचा टेक्निशियन येऊन मुकाट्यानं शेजारी बसला आणि त्यानंही चिमटा घेतला. ज्याला मी जड हाताचा म्हटलं होतं, तो एका फुंकरीनं उडेल अशी साल अलगद उचलून माझ्यापुढं ठेवत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

एक एक साल पाण्यावर सोडली. ह्या साली जाड, गोल वळलेल्या, तुटक्या. पाणी थोडं जास्त कोमट करून वाट बघावी लागत होती. एखादी मिनिटभर तशीच गुंडाळून राहायची आणि मग झोपेतून उठल्यासारखी उलगडायची. एखादीत अर्धी कड, एखादीत मधला भाग. मी भावजयीला असं तुकड्या-तुकड्यानं पाण्यावर उघडताना बघत होते. संध्याकाळचं ऊन गेलं, दिवे लागले. त्या दिवशी माझं लक्ष एकदाही कुठं गेलं नाही. चाळीसच्या वर स्लाइड झाल्या, आणि सगळ्या रंगवून आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम एक एक स्लाइड लावत होत्या आणि मी दारात उभी होते. जाड काप, सगळं पुसट. बऱ्याच स्लाइड त्यांनी बाजूला ठेवल्या. मग एका स्लाइडवर त्या थांबल्या आणि तिथंच राहिल्या. "ये," त्या म्हणाल्या.

मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत नजर तयार होते. वरच्या थरातून एक निमुळती जीभ खाली उतरली होती, खोल, थेट काळ्या शाईपर्यंत. सातचा काटा मागच्या अर्ध्यात येतो, आणि मागच्या अर्ध्याची शाई काळी. शेजारच्या एका बारीक नळीतही, जिच्यातून आजार पुढं पसरू शकतो, त्याच्या चार-दोन पेशी शिरलेल्या होत्या. हे सगळं माझ्या त्या ढिगात होतं. कचऱ्यात गेलं असतं, आणि आम्ही 'सगळं छान' म्हणून सही केली असती.

मॅडमनी आणखी दोन रंग लावायला सांगितले. त्यातला एक रिपोर्टसाठी, ती जीभ नक्की कशाची आहे ते कळायला. तो लावून त्यांनी स्लाइड पुण्याला आपल्या गुरूंकडे पाठवल्या. त्यांचंही मत तेच आलं. दुसरा रंग अभ्यासाचा होता, तपकिरी. त्याचा उपचाराशी काही संबंध नाही, असं मॅडमनी मला दोनदा बजावलं. ती स्लाइड मी एकटीच बराच वेळ बघत बसले. त्या जिभेच्या दोन्ही अंगांना राखणदार दाटीवाटीनं उभे होते, आणि त्यातले बरेच तपकिरी होते. आले होते बिचारे. वेळेवर आले होते, जागेवर आले होते, आणि येऊन गप्प केले गेले होते. आधी मला त्यांचा राग यायचा. त्या दिवशी आला नाही.

डॉक्टरबाईंनी भाऊ-भावजयीला बोलावून सांगितलं, मीही तिथं होते. आजार अजून सुरुवातीचाच आहे, बरं होण्याची आशा चांगली आहे. पण खोली पाहता आणि त्या नळीतल्या पेशी पाहता पिशवी ठेवणं धोक्याचं, ती आणि आजूबाजूच्या गाठी काढाव्या लागतील. भाऊ 'येतो' म्हणून बाहेर गेला. खिडकीतून मला तो गाड्यांच्या रांगेत पाठ करून उभा दिसला. त्याचे खांदे हलत होते. जिच्यासाठी मी घरात आगपाखड केली होती, ती पिशवी काढा असा पुरावा माझ्याच हातानं आणून दिला होता. देवा, हे काय करून बसले मी, असं मला सारखं वाटत होतं.

बाहेरच्या बाकावर भावजय आणि मी दोघीच राहिलो. तिला खरं सांगायचं मी ठरवलं होतं. सगळं सांगितलं. रीत मोडली ते, तंद्री लागली ते, गप्प बसावं असं वाटलं तेही. म्हटलं, "मी गप्प बसले असते तर तुझी पिशवी राहिली असती. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे."

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. पदर तोंडावर नव्हता.

"वन्सं," ती म्हणाली, "त्या साली तुमी कचऱ्यातनं उचलल्या?"

"हो."

"येक येक?"

"एक एक."

 मग ती अगदी हळू, कोणा दुसऱ्या बाईबद्दल सांगावं तशी बोलायला लागली. "मागल्या हंगामात मला तीन महिनं गेलं हुतं. कुनाला सांगितलं न्हाई. तुमच्या भावाला बी न्हाई. म्हनलं, गावाकडं गेल्यावर सांगू, सासूबाई खूश व्हतील. मोळी घिऊन गाडीच्या फळीवर चढताना पोटात कळ आली आन् तिथंच गेलं समदं. गाडी भरायची घाई हुती. मी तसंच पाचट सारलं त्याच्यावर आन् दुसरी मोळी उचलली. सांजच्याला टोळीतल्यांनी पाचट पेटवलं."

 आई म्हणाली होती, चार वर्षांत काय उपयोग झाला. मी आईशी भांडले होते, पण मनात मीही तेच धरून चालले होते.

"त्याला कुनी उचललं न्हाई, वन्सं," ती म्हणाली. "मी बी न्हाई."

मी तिला जवळ ओढलं. ती रडली नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून नुसती बसली. तिच्या कपाळाचा घाम माझ्या ब्लाउजवर उतरत होता. थोड्या वेळानं ती सरळ बसली आणि पदर नीट केला.

"मला उचललं तुमी," ती म्हणाली. "जा आता, डाक्तरीनबाईंना इचारा, कवा काढायची."

मी आत गेले आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आले.